मागाहून कळवतो

मला पाहायला एकंदर सहा मंडळी येऊन गेली. सहावे आमचे हे. आधीच्या पाचांनी पोहे खाल्ले, चहा घेतला, माझ्या आईच्या रव्याच्या लाडवांची तारीफ केली आणि जिना उतरताना माझ्या वडिलांना सांगितले, "मागाहून कळवतो." त्यांपैकी दोघांनी खरेच कळवले. तेही पोस्टकार्डावर! म्हणजे आधी पोस्टमनला, मग तळमजल्यावरच्या बिऱ्हाडांना आणि सर्वांत शेवटी आम्हांला कळले. उरलेल्या तिघांचे 'मागाहून' अजून व्हायचेच आहे.

ही गोष्ट १९८४-८५ सालची, डोंबिवलीची. माझा रंग काळा, डोळ्यांवर जाड भिंगांचा चष्मा, बी. ए.ला दुसरा वर्ग. फोटोच्या दुकानात नेले तेव्हा फोटोवाल्याने आधी चष्मा काढायला लावला आणि मग माझ्या तोंडावर होते नव्हते तेवढे दिवे सोडले. त्या फोटोत मी कोणाकडे पाहते आहे ते मला स्वतःलाच दिसत नव्हते. स्थळांना जे पत्र जाई, त्यात रंगाच्या पुढे वडिलांनी 'निमगोरा' असे लिहिले होते. त्यातले निम कोणते, हे त्यांचे त्यांना ठाऊक!

हे सगळे पुन्हा आठवायचे कारण आमची धाकटी. तिचे लग्न निघाले असे समजू नका. ती डॉक्टर आहे, आणि तिने अमेरिकेत उमेदवारीसाठी अर्ज केले त्या दोन वर्षांची ही हकीकत आहे.

बाहेरचा डॉक्टर कितीही शिकून गेला तरी तिथल्या इस्पितळात पुन्हा उमेदवारी केल्यावाचून त्याला सहसा स्वतंत्रपणे रोगी तपासता येत नाही. या उमेदवारीला रेसिडेन्सी म्हणतात. पगार मिळतो, काम रगडून असते, आणि फिजिशियन व्हायचे तर ती तीन वर्षे करावी लागते. पण जागा मिळवण्याची तऱ्हा अशी की ती ऐकून मी म्हटले, "अगं, ही नोकरी आहे की स्थळं पाहणं?" सप्टेंबरात अर्ज जातात. बरोबर परीक्षांचे निकाल, डॉक्टरांची शिफारसपत्रे आणि पानभर आत्मनिवेदन. पसंत पडतील त्यांना मुलाखतीचे बोलावणे. मुलाखती थंडीभर चालतात. मग उमेदवाराने आपल्या आवडीप्रमाणे इस्पितळांची यादी करायची, इस्पितळांनी उमेदवारांची करायची, दोन्ही याद्या एका मध्यस्थ संस्थेकडे द्यायच्या आणि संगणकाने जोड्या लावायच्या. मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी निकाल. याला ते 'मॅच' म्हणतात. आपण पत्रिका जुळणे म्हणतो, एवढाच फरक.

आता आमच्या मुलीची पत्रिका सांगते. सरकारी कॉलेजातून एम. बी. बी. एस. झाली, इंटर्नशिप २०१७ साली संपली. मग एका आडगावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात बाँडचे वर्ष. इथल्या पदव्युत्तर परीक्षेला दोनदा बसली, पण मेडिसिनची जागा मिळण्याइतके वर नाव लागले नाही. तेव्हा तिने अमेरिकेचे मनावर घेतले. तोवर कोविड आला. पालिकेच्या केंद्रात तिने रात्रपाळ्या केल्या. आणि २०२१ साली त्या अमेरिकेच्या परीक्षेच्या पहिल्याच पायरीवर ती नापास झाली.

२०२२ च्या जानेवारीपासून त्या पायरीला गुण देणे बंद झाले. नुसते पास किंवा नापास. दुसऱ्या खेपेला ती पास झाली. पुढची पायरी तर चांगल्या गुणांनी ओलांडली. पण पहिले नापास कागदावरून पुसले जात नाही. ते प्रत्येक अर्जाबरोबर जाते. शिवाय पदवी घेऊन पाच वर्षे उलटून गेलेला उमेदवार पुष्कळ इस्पितळांना नको असतो. थोडक्यात, आमची मुलगी तिकडच्या बाजारात वय वाढलेली, सावळी आणि चष्मेवाली ठरली होती.

परदेशी डॉक्टरांचे कागद तपासून दाखला देणारी संस्था फिलाडेल्फियाला आहे. १९५६ सालची. हे कळल्यावर आमच्या ह्यांना आनंदीबाई जोशी आठवल्या. त्या १८८६ साली त्याच गावात डॉक्टर झाल्या. "आपलं नि त्या गावाचं जुनं नातं आहे," हे म्हणाले. नाते जुने असले तरी फी नवी होती! अर्जांचा हिशेब तर विचारूच नका. मंडईत डझनाने घेतले तर भाव उतरतो. इथे जितके अर्ज जास्त तितका पुढच्या अर्जाचा दर चढत जातो. आणि ज्याची पत्रिका लंगडी, त्यालाच जास्त अर्ज करावे लागतात. तिने शंभराच्या आसपास केले. दोन लाख रुपये नुसत्या अर्जांना.

पहिल्या वर्षी शंभरांतून बोलावणे आले एक. तेवढ्यावर मी शेजारच्या काकूंना 'अमेरिकेला जायचं चाललंय' असे सांगून बसले होते. हा माझा जन्माचा दोष आहे.

जागा लागली की नाही एवढे सोमवारी कळते, कुठे लागली ते शुक्रवारी. १३ मार्च २०२३, सोमवार. दिवेलागणीची वेळ. देवापाशी दिवा लावून मी वळते तो धाकटी दारात उभी. "नाही लागली," एवढेच म्हणाली आणि लगेच आत जाऊन पुन्हा कामाला बसली. कारण उरलेल्या जागांचा दुसरा बाजार त्याच आठवड्यात भरतो. त्यात पंचेचाळीस अर्ज करता येतात. पण आपण होऊन कोणाला फोन करायचा नाही, त्यांचा येईल म्हणून वाट पाहायची. चार दिवस तिने फोन उशाशी घेऊन काढले. एकदा रात्री दोन वाजता तो वाजला. आम्ही तिघेही धडपडत उठलो. कल्याणच्या कोणाला तरी रिक्षावाला हवा होता!

शुक्रवारी काकूंनी जिन्यात गाठून विचारले, "काय हो, झालं का अमेरिकेचं?" आणि माझ्या तोंडून काय निघावे? "मागाहून कळवणार आहेत."

त्या रात्री मला झोप आली नाही. धाकटी मात्र आठवड्याभरात एका खाजगी इस्पितळात रात्रपाळीला लागली आणि मला म्हणाली, "आई, पुढच्या वर्षी पुन्हा बसणार." तिचा तिने हिशेब केला होता. तिकडे काम केल्याचा अनुभव नव्हता, तिकडच्या डॉक्टरचे पत्र नव्हते. मुदत ठेव मोडली. ह्यांच्या लांबच्या भाच्याने न्यू जर्सीत आपल्या तळघरात दोन महिने जागा दिली, आणि ती एका डॉक्टरांच्या मागे नुसती उभी राहून आली. नुसती उभी म्हणजे खरोखरच नुसती. रोग्याला हात लावायची परवानगी नसते. बाँडच्या वर्षी जिने कंदिलाच्या उजेडात बाळंतपणे केली, तिने दोन महिने हाताची घडी घालून काढले. पण पत्र चांगले मिळाले.

पुन्हा आत्मनिवेदन लिहायची वेळ आली. त्यात तिने नापास झाल्याच्या दोन ओळी घातल्या होत्या. मी म्हटले, "हे कशाला? विचारलं तर सांगावं."

"ते अर्जावर छापलेलंच असतं, आई."

"मग कोविडच्या ड्यूटीमुळे झालं म्हणून लिही. खोटं का आहे?"

"अर्धं खरं आहे," ती म्हणाली आणि ओळी तशाच ठेवल्या. मला राग आला. मी तिला चष्माच तर काढून ठेवायला सांगत होते! फोटो निघेपर्यंत.

या खेपेला चार बोलावणी आली. कोविडपासून बहुतेक मुलाखती घरबसल्या, पडद्यावरच होतात. त्यांची सकाळ ती आपली रात्र. पहिल्या मुलाखतीच्या दिवशी घरात लग्नघर झाले. गोदरेजच्या कपाटावर फिकट निळी चादर ताणून बसवली. विजेचा भरवसा नाही म्हणून इन्व्हर्टर तपासला. काकूंकडे जाऊन साडेनऊपर्यंत कुकर लावू नका अशी विनंती केली. त्यांनी कारण विचारले नाही, हे त्यांचे उपकार. धाकटीने वर काळा कोट घातला, खाली घरातलीच सलवार. हे टीव्ही बंद करून नुसते टीव्हीसमोर बसून राहिले. मी दाराआड उभी. १९८४ साली माझी आई अशीच दाराआड उभी असायची, आणि तिच्या बांगड्या वाजू नयेत म्हणून तिने त्या कोपरापर्यंत वर सारलेल्या असत. माझ्या हातांत दोनच होत्या; त्या मी वर सारल्या.

पलीकडचे गृहस्थ वयस्कर वाटले, सावकाश बोलत होते. मी शाळेत भूगोल शिकवला असला तरी एवढे इंग्रजी मला कळते. आरोग्य केंद्राविषयी विचारले. तिने साप चावलेल्या एका गुराख्याची गोष्ट सांगितली. औषधाची कुपी तालुक्याहून येईपर्यंत तिने काय काय केले ते. मी ती पूर्वी कधीच ऐकली नव्हती. मग जो प्रश्न यायचा तो आला. पहिल्या पायरीवर नापास कशाने झालात?

ती थांबली. मग म्हणाली, "माझी तयारी झाली नव्हती, आणि हे मला परीक्षेच्या आधी माहीत होतं. तारीख पुढे ढकलायला जास्तीचे पैसे भरावे लागले असते. ते घरी मागायची मला लाज वाटली. मी तशीच बसले. तो निर्णय चुकीचा होता आणि तो माझा होता."

पुढचे मला ऐकू आले नाही. म्हणजे ते बोलत होते, पण माझे लक्ष नव्हते. २०२१ च्या उन्हाळ्यात ह्यांच्या डोळ्याचे ऑपरेशन झाले होते, आणि एके रात्री जेवताना मी थट्टेने म्हटले होते, "बाई गं, अमेरिका फार खाते आपल्याला! भाजीसुद्धा उरू देत नाही." सगळे हसलो होतो. तीही हसली होती.

मुलाखत संपल्यावर ती बाहेर येऊन म्हणाली, "भूक लागलीय. पोहे कर." मी कांदा चिरायला घेतला. कांद्याचे एक बरे असते, कोणी काही विचारत नाही. थोड्या वेळाने मी म्हटले, "मागायचे होतेस गं." ती शेंगदाणे खात ओट्याशी उभी होती. म्हणाली, "आता सांगितलं ना." आणि विषय तेवढ्यावर राहिला. अजून तेवढ्यावरच आहे.

फेब्रुवारीच्या अखेरीला याद्या द्यायच्या होत्या. चार इस्पितळांतले एक मोठ्या विद्यापीठाचे. चौथे एका लहान गावातले. पण तिथल्या मंडळींनी मुलाखतीनंतर मोठे जिव्हाळ्याचे पत्र पाठवले होते. मी सांगितले, "हे शहाणपणा करतील की नाही देव जाणे, पण तू कर. जे नक्की घेतील ते पहिलं घाल. आपली पायरी ओळखावी." ह्यांनीही मान डोलावली. आम्ही दोघांनी उभा जन्म असाच काढला आहे. बदलीच्या अर्जातसुद्धा ह्यांनी हवे ते ठिकाण कधी पहिले लिहिले नाही.

धाकटीने फडताळातून चार वाट्या आणल्या आणि मुठीत शेंगदाणे. "आई, हा शेंगदाणा मी. मी आधी माझ्या पहिल्या वाटीकडे जाते. तिथं जागा असेल तर मला तात्पुरतं ठेवतात. मग त्यांना माझ्याहून पसंत असा दुसरा आला तर मला काढतात. मी दुसऱ्या वाटीकडे जाते. तिथं मी उशिरा आले म्हणून मागे पडत नाही. त्यांच्या यादीत माझा जो नंबर आहे तोच धरतात. आधी आलेला, पण त्यांना माझ्यापेक्षा कमी पसंत असलेला कोणी तिथं बसला असेल तर तो उठतो. सगळे असे फिरून स्थिर झाले की निकाल. म्हणून जे हवं ते पहिलं लिहिलं तर काहीच नुकसान नाही."

हे तिचे डोके नव्हे. गेल आणि शॅप्ली नावाच्या दोन गणितज्ञांनी १९६२ साली हे मांडले, आणि त्यांच्या लेखाच्या नावातच कॉलेजप्रवेश आणि लग्न या दोन्ही गोष्टी आहेत! गंमत अशी की जोड्या लावायची ही पद्धत तिथे दहा वर्षे आधीच, १९५२ पासून, सुरू होती. त्यापूर्वी इस्पितळे पोरांना तारा करून काही तासांत उत्तर मागत. पण पुढे पुष्कळ वर्षे आधी विचारायचा मान इस्पितळांचा होता. रॉथ नावाच्या अर्थशास्त्रज्ञाने ती रीत सुधारली आणि १९९८ पासून तो मान उमेदवाराला मिळाला. २०१२ साली रॉथ आणि शॅप्ली यांना अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आमच्या वेळच्या कोणा मध्यस्थ काकूंना साधी साडीसुद्धा नीट मिळत नसे.

मी वाट्यांकडे बघत होते. "म्हणजे पहिल्यानं नाही म्हटलं हे दुसऱ्याला कळत नाही?"

"कधीच नाही."

"आमच्या वेळी सगळ्या वाडीला कळायचं," मी म्हटले.

आता इतकी वर्षे झाली, लिहायला हरकत नाही. मला पाहायला आले त्यांतले तिसरे मला आवडले होते. कुठल्याशा कॉलेजात शिकवत असत. इतर सगळ्यांनी मला स्वयंपाक येतो का ते विचारले. त्यांनी मी काय वाचते ते विचारले. मी हे कोणाला बोलले नाही, कारण माझी यादी कोणी मागितलीच नव्हती. मागाहून कळवतो म्हणून गेले. (ह्यांनी हा लेख आधीच वाचला आहे. म्हणाले, "माझ्या यादीत तरी तू पहिली कुठे होतीस?" तेव्हा फिट्टंफाट!)

धाकटीने आपल्या मनाप्रमाणे यादी दिली. विद्यापीठ पहिले, पत्रवाले गाव चौथे.

सोमवारी 'लागली' एवढे कळले. मी काकूंना सांगितले नाही. जीभ दाताखाली धरून पाच दिवस काढले. १५ मार्च २०२४, शुक्रवार, रात्री साडेनऊ. पत्र उघडले. तिसरे. ओहायोतले एक मध्यम गाव, ज्याचे नाव मी भूगोल शिकवूनही कधी ऐकले नव्हते. त्या वर्षी अमेरिकेबाहेर शिकलेल्या, तिथले नागरिक नसलेल्या डॉक्टरांपैकी शंभरांत अठ्ठावन्नांना जागा लागली, आणि तिथल्या एम. डी. कॉलेजांतून त्याच साली बाहेर पडणाऱ्यांपैकी त्र्याण्णवांना. धाकटी त्या अठ्ठावन्नांत होती. बेचाळिसांच्या घरी त्या आठवड्यात कोणी काय सांगितले असेल, याचा मला अंदाज आहे.

म्हटले तर पहिल्या दोघांनी नाकारले. पण कोणी, कधी, कशासाठी, याचे एकही पोस्टकार्ड आले नाही.

मग व्हिसाची धावपळ. त्यासाठी आपल्या सरकारच्या आरोग्य खात्याचेही पत्र लागते. या व्हिसाची अट अशी की उमेदवारी संपली की दोन वर्षे मायदेशी यायचे, नाहीतर डॉक्टरांची वाण असलेल्या भागात तीन वर्षे काम करून त्यातून सूट मिळवायची. "पुन्हा बाँड," हे म्हणाले. जूनमध्ये ती गेली. मेतकूट, गोडा मसाला आणि पोह्यांची दोन पाकिटे मी कोटाच्या घडीत घातली.

२०२४ च्या डिसेंबरात एका पहाटे तिचा फोन आला. नव्या उमेदवारांच्या मुलाखती चालल्या होत्या. मोठे डॉक्टर विचारायचे ते विचारतात, पण आधी तिथल्या शिकाऊ मंडळींनी उमेदवारांशी गप्पा मारायच्या असतात. "आई, आज एक मुलगी होती. आपल्याकडचीच. मागे चादर लावली होती, तिच्यावर इस्त्रीच्या घड्या दिसत होत्या. फार घाबरली होती गं."

"मग तू काय विचारलंस तिला?"

"विचारलं, जेवलीस का? तिकडं रात्रीचे साडेदहा झाले होते."